फाटकापलीकडचा रस्ता कोण तपासणार?

ऑडिट हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. पोस्टातल्या ट्रेझररला रोकड आठवते, बुकिंग क्लार्कला डेबिट आठवतो, स्टोअरमधल्या माणसाला न जुळणारे लेजर आठवते. ऑडिट म्हणजे वरून कोणीतरी येणार, चूक काढणार आणि ती शेवटी सर्वांत खालच्या माणसाच्या पगारातून वसूल होणार, हा आपला आयुष्यभराचा अनुभव आहे. म्हणून रस्ता सुरक्षा ऑडिटाविषयी या पानावर लिहायचे ठरवले, तेव्हा आमच्याच शाखेतील एक जुने सहकारी म्हणाले, "अहो सेक्रेटरी, रिक्त जागा आणि पेन्शन सोडून हे काय नवीन काढलेत?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल दोन घटना सांगतो.

आमच्या विभागातील एका इंटरलॉक्ड फाटकावर उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रुळावर अडकला. फाटक ओलांडले की लगेच रस्ता काटकोनात वळून राज्य रस्त्याला मिळतो. त्या तोंडाशी ट्रक उभा, म्हणून ट्रॅक्टर पुढे जाईना. मागे मोटारसायकलींची झुंबड, म्हणून मागे येईना. फाटक लागले नाही त्यामुळे गेट सिग्नल लालच राहिला आणि मेल सव्वीस मिनिटे उभी राहिली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण गेटमनच्या हाती एसएफ-११ पडले. चौकशीत त्याला विचारले गेले की फाटक बंद करायला कधी सुरुवात केली, प्रायव्हेट नंबर किती वाजता दिला-घेतला, गर्दी हटवायला शिट्टी वाजवली का. फाटकाला इतके खेटून रस्त्याचे वळण कोणी काढले, हे कोणी कोणाला विचारले नाही.

त्याच फाटकाच्या दुसऱ्या अंगाला, पुढच्या पावसाळ्यात, एक ग्रामीण डाक सेवक गेला. टपालाची पिशवी घेऊन मोपेडवरून येत होता. डांबराची कड तुटून वीतभर खोल झालेली होती. समोरून टेम्पो आला म्हणून त्याने गाडी कडेला घेतली, चाक खाली उतरले, तो आडवा झाला तो टेम्पोच्या मागच्या चाकाखाली. कागदावर 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने' असे लिहिले गेले. म्हणजे मेलेला माणूसच आरोपी.

एक सभासद रेल्वेच्या संघटनेचा, दुसरा पोस्टाच्या. मध्ये अंतर तीनशे फुटांचे. दोघांनाही दोषी ठरवणारे कागद तयार झाले आणि रस्त्याबद्दल एक ओळ कोठे लिहिली गेली नाही. रस्ता सुरक्षा ऑडिट म्हणजे ती ओळ. आणि ती अपघात होण्यापूर्वी लिहायची असते.

ही कल्पना मुळात आपल्या रेल्वेची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. इंग्लंडात १८४० सालच्या कायद्याने रेल्वे तपासणीस नेमण्याची पद्धत सुरू झाली. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्याआधी तो पाहायला सैन्यातील रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी जात. त्यांचा कंपनीशी संबंध नसे, मार्ग बांधणाऱ्याशी नसे. म्हणून नाही म्हणायला त्यांना भीती नव्हती. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९८० च्या दशकात, केंट परगण्याच्या रस्ते खात्यातील माल्कम बुलपिट नावाच्या इंजिनिअरने विचार केला की रेल्वेला जे लागू, ते रस्त्याला का नाही? हा गृहस्थ रेल्वेचा शौकीन होता आणि रेल्वेचा इतिहास त्याला माहीत होता. रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरखेरीज दुसऱ्या जाणत्या माणसांनी नकाशा आणि जागा पाहावी, आणि येथे कोणाला कसा अपघात होऊ शकेल ते लिहून द्यावे, एवढीच ती रीत. १९९१ पासून ब्रिटनमधील मोटारवे आणि मुख्य रस्त्यांना ती सक्तीची झाली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, डेन्मार्क यांनीही ती उचलली.

आपल्याकडे रेल्वेत हेच काम सीआरएस करतात. नवा मार्ग, दुपदरीकरण, विद्युतीकरण, कोणतेही काम असो. सीआरएसची मोटर ट्रॉली फिरल्याशिवाय आणि त्यांची सही झाल्याशिवाय प्रवासी गाडी सुटत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात तशी कलमेच आहेत. पण सीआरएस रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. नव्याने भरती झालेली मुले हे ऐकून हसतात की विमानवाले रुळ तपासणार! हसण्यासारखे त्यात काही नाही. ज्याचे काम तपासायचे त्याच्याच हाताखाली तपासनीस असू नये, हे तत्त्व १९३९-४० च्या सुमारास तेव्हाच्या केंद्रीय विधिमंडळाने मान्य केले आणि मे १९४१ मध्ये रेल्वे इन्स्पेक्टोरेट रेल्वे बोर्डापासून वेगळे काढून 'पोस्ट्स अँड एअर' खात्याकडे दिले. पोस्टाच्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. एके काळी आमच्या रुळांची तपासणी तुमच्या खात्याच्या छत्राखाली होत होती.

आता रस्त्यांच्या ऑडिटाची रीत काय, ते सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१० साली त्याचे मॅन्युअल काढले आणि २०१९ साली ते सुधारले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. ते इंग्रजी पुस्तक प्रथम हाती घेतले तेव्हा छाती दडपली. एका तरुण सेक्शन इंजिनिअरने चार संध्याकाळी बसून आम्हाला ते वाचून दाखवले. त्यातले पुष्कळसे आपल्याला नवे नाहीच, असे मग ध्यानात आले.

ऑडिट एकदाच करायचे नसते. रस्ता कोठून न्यायचा हे ठरताना, ढोबळ नकाशा झाल्यावर, बारीकसारीक नकाशा झाल्यावर, काम चालू असताना, रस्ता खुला करण्यापूर्वी, आणि जुन्या चालत्या रस्त्यावरही अधूनमधून, अशा टप्प्याटप्प्यांवर ते करायचे. जितके आधी तितके स्वस्त. नकाशावरचे वळण खोडरबराने सरकते. तेच बांधून झाल्यावर सरकवायचे तर जमीन संपादनापासून सुरुवात. काम चालू असतानाच्या टप्प्याकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अर्धा रस्ता खणलेला, कडेला माती भरलेली चार पिंपे, आणि रात्री त्यावर दिवा नाही. आमच्या ट्रॅकवर इंजिनिअरिंग ब्लॉक घेतला तर कॉशन ऑर्डर निघते, बॅनर फ्लॅग लागतो, ड्रायव्हरला आधी कळवले जाते. रस्त्यावरच्या माणसाला थेट खड्ड्यातच कळते.

ऑडिट करणारा चमू रस्त्याच्या नकाशाकारापासून आणि ठेकेदारापासून वेगळा असावा लागतो. त्याने जागा दिवसा पाहायची आणि रात्रीही पाहायची. मोटारीत बसून नुसती फेरी मारायची नाही; पायी चालायचे, सायकलवाल्याच्या नजरेने पाहायचे, शाळेतले पोर आणि काठी टेकत जाणारी म्हातारी येथून पलीकडे कशी जाईल याचा विचार करायचा. रस्ता ठरलेल्या मापात आहे की नाही एवढ्यावर भागत नाही. मापात बसणारा रस्तासुद्धा माणसे मारतो. मग अहवाल द्यायचा. प्रत्येक मुद्द्याला रस्त्याच्या खात्याने लेखी उत्तर द्यायचे. मान्य असेल तर केव्हा करणार ते, नसेल तर का नाही ते. ऑडिटरला हुकूम करण्याचा अधिकार नाही. त्याने सांगायचे आणि खात्याने सही करून हो किंवा नाही म्हणायचे. सारी ताकद त्या सहीत आहे, आणि नेमकी तीच सही आपल्याकडे सर्वांत उशिरा होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक विचार आहे, तो रेल्वे कामगाराला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. माणूस चुकणार, हे धरून चालायचे आणि त्या चुकीची किंमत जिवाने द्यावी लागू नये अशी व्यवस्था करायची. इंटरलॉकिंग म्हणजे दुसरे काय? फाटक लागल्याशिवाय सिग्नल पडतच नाही. गेटमन थकलेला असो, बारा तासांच्या ड्युटीत त्याचा डोळा लागलेला असो, तारेला आणि कुलपाला त्याची पर्वा नाही. त्या ट्रॅक्टरच्या दिवशी सारी माणसे गोंधळली होती, फक्त इंटरलॉकिंग गोंधळले नव्हते. बोरघाटात आणि थळघाटात कॅच साइडिंग आहेत. गाडीचे ब्रेक निकामी होऊ शकतात हे इंजिनिअरांनी आधीच गृहीत धरले आणि धावत सुटलेली गाडी चढावर जाऊन थांबेल असा वेगळा रूळ टाकून ठेवला. 'ड्रायव्हरने ब्रेक नीट लावावेत' अशी पाटी लावून ते घरी गेले नाहीत.

आता पुण्याच्या बाह्यवळण मार्गावर नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पाहा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका अवजड वाहनाने एकामागून एक अनेक वाहने उडवली. त्याआधीही तेथे अपघात होतच होते, नंतरही झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तेथे वाहने एकमेकांवर आदळून आग लागली आणि माणसे मेली. प्रत्येक वेळी चर्चा एकच की ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. टाकत असतील. पण लांबलचक उताराच्या पायथ्याशी शहराची गर्दी आणून ठेवली, तर सुटलेल्या गाडीने जायचे कोठे? ड्रायव्हरवर खटला भरा, आमची हरकत नाही. त्याच्यानंतर येणाऱ्या ड्रायव्हरला मात्र तोच उतार उतरायचा आहे.

सरकारी आकडे पाहिले तरी हेच दिसते. २०२३ साली देशात ४,८०,५८३ रस्ते अपघात झाले आणि १,७२,८९० माणसे मेली. रोजची सरासरी ४७३ च्या वर. एखाद्या रेल्वे अपघातात याच्या दहावा हिस्सा माणसे गेली तरी मंत्र्याचा राजीनामा मागितला जातो, आणि तो मागावाच. रस्त्यावर रोज एवढी जातात आणि कोणाला जबाबदार कोण हे विचारावेसे वाटत नाही. २०२२ च्या सरकारी अहवालात मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. पोस्टमन, ट्रॅकमन, पहाटेच्या ड्युटीला निघालेला पॉइंट्समन, हे सारे याच दोन रकान्यांत येतात. त्याच अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे म्हणून नोंदलेले आहेत. वेग मारतो, यात शंका नाही. पण गावातून जाणारा रस्ता विमानाच्या धावपट्टीसारखा सरळ व रुंद करायचा आणि मग गाडी वेगात होती म्हणून नोंद करायची, यात रस्ता करणारा नामानिराळा राहतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. तेव्हा सगळ्या देशाने त्या पुलाचा कठडा टीव्हीवर पाहिला. तीन पदरी रस्ता पुलाशी येऊन दोन पदरी कसा होतो, कठडा रस्त्यात कसा पुढे आलेला आहे, याची चर्चा झाली. तेथून रोज जाणारे टेम्पोवाले हे आधीपासून पाहत असणार. त्यांना कोणी विचारले नव्हते.

पोस्टमन बंधूंची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. महामार्ग चौपदरी-सहापदरी झाले, मधे दुभाजक आले आणि गावाचे दोन तुकडे झाले. पोस्ट ऑफिस एका अंगाला, वस्ती दुसऱ्या अंगाला. पलीकडचे घर डोळ्यांसमोर दिसते, पण कायद्याने जायचे तर दोन-दोन किलोमीटर पुढे जाऊन वळून यायचे. बीट मोठे, वेळ थोडा, पेट्रोलचा खर्च पदरचा. मग तो उलट्या दिशेने कडेकडेने जातो. त्याला पकडा, दंड करा, मेला तर 'चुकीच्या दिशेने' असे लिहा. ऑडिट करणारा जाणता माणूस नकाशावर पहिला प्रश्न हाच विचारील की येथून माणसे पूर्वी कोठून ओलांडत होती आणि आता कोठून ओलांडतील? माणसाची वाट अडवली की तो थांबत नाही, धोक्याची वाट धरतो.

आणि हाच प्रश्न आम्ही आमच्या रेल्वेलाही विचारतो. केवळ रस्ते खात्याला शिव्या देण्यासाठी हा लेख नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली सर्व फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत अशी शिफारस केली. ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके संपली. ही मोठी गोष्ट झाली आणि त्यात आमच्या गँगच्या लोकांचा घाम आहे. परंतु बऱ्याच ठिकाणी फाटकाच्या जागी जे भुयारी मार्ग आले, ते पावसाळ्यात तळी होतात. आत शिरताना काटकोनात वळण, समोरचे वाहन दिसत नाही, दिवा असला तर तो चोरीला गेलेला. कमरेएवढे पाणी साचले की गावकरी, शाळेची मुले आणि टपालवाला रुळावरून जातात. रेल्वेच्या वहीत फाटकावरचा अपघात शून्य झाला. भुयारातला अपघात रस्त्याच्या वहीत जातो आणि रुळावरचा अनधिकृत प्रवेशाच्या वहीत. हे भुयार खुले करण्यापूर्वी कोणी भर पावसात, रात्रीच्या वेळी तेथे उभे राहून पाहिले असते, तर पंप आणि दिवा यांची ओळ अहवालात आली असती.

खरी अडचण आहे ती हद्दीची. फाटकाच्या आतला रस्ता रेल्वेने सांभाळायचा, बाहेरचा ज्याचा रस्ता त्याने. कोठे सार्वजनिक बांधकाम, कोठे जिल्हा परिषद, कोठे नगरपालिका. सीआरएसची नजर रेल्वेच्या हद्दीपाशी थांबते. रस्त्याचे ऑडिट झालेच तर तेही बहुधा त्याच हद्दीपाशी येऊन थांबते. मधल्या शे-दोनशे मीटरचा धनी कोणी नाही. गेटमन मात्र त्याच शे-दोनशे मीटरवरची गर्दी, शिवीगाळ आणि प्रसंगी मार अंगावर घेतो.

८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मंकुप्पमच्या फाटकावर गाडीने शाळेच्या व्हॅनला धडक दिली आणि तीन मुले गेली. फाटकावर माणूस होता, पण इंटरलॉकिंग नव्हते. गेटमनवर कारवाई झाली. त्याची चूक असेल तर ती आम्ही झाकणार नाही. मुलांच्या आईबापांसमोर तसे करण्याची आमची हिंमत नाही. पण रेल्वेनेच त्यावेळी सांगितले की त्या जागी भुयारी मार्ग मंजूर होता आणि जिल्हा प्रशासनाची परवानगी वर्षभर मिळाली नव्हती. अपघातानंतर इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची मर्यादा २० हजारांवरून १० हजारांवर आणण्याचा निर्णय झाला. म्हणजे १० हजारांवर धोका आहे हे मान्य झाले, तीन मुले गेल्यावर. ऑडिटाने तोच निर्णय त्यांच्या आधी व्हायला हवा होता.

कायद्यात आपल्या हाताशी काय आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला, तर संबंधित खाते, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेकडो कोटींच्या कामाला एक लाख! आमच्या माणसाची एक वेतनवाढ रोखली तर निवृत्तीपर्यंत त्याचे नुकसान किती होते, त्याचा हिशेब कोणीतरी करून पाहावा. तरी या कलमातील एक गोष्ट आपल्या कामाची आहे. न्यायालयाने ज्या बाबी विचारात घ्यायच्या, त्यांत असे आहे की त्या जागी धोका आहे हे खात्याला माहीत होते का, किंवा माहीत असायला हवे होते का. येथे आपले पत्र उपयोगी पडते. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. आवक क्रमांक पडलेले पत्र असले, की 'आम्हाला कल्पना नव्हती' असे म्हणता येत नाही.

म्हणून आमच्या शाखेने गेल्या वर्षी त्या फाटकाची स्वतःच पाहणी केली. याला ऑडिट म्हणायचे नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट केले. खऱ्या ऑडिटाला शिकलेला, प्रशिक्षित माणूस लागतो. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था असे शिक्षण देते. आम्ही फक्त डोळे उघडे ठेवून पाहिले. दोन ट्रॅकमन, एक गेटमन, पोस्टाचे दोघे, आणि गावच्या शाळेतील एक शिक्षिका. बाई बरोबर होत्या म्हणून मुले कोठून रस्ता ओलांडतात ते कळले. ते आम्हाला आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत दिसले नव्हते.

तीनदा गेलो. एकदा पहाटे शिफ्ट बदलताना, एकदा दुपारी फाटक बंद असताना, एकदा रात्री पावसात. चमकपट्टीची जाकिटे घातली, रुळाजवळ जायचे तेथे सेक्शनच्या इंजिनिअरला आधी कळवले, वाहत्या रस्त्यात कोणी टेप धरून उभे राहिले नाही. दुसऱ्याच्या सुरक्षेसाठी जाऊन आपणच गाडीखाली यायचे, हा शहाणपणा नव्हे. पहिल्या दिवशी वहीत सगळ्यांनी 'रस्ता खराब आहे', 'दिवे नाहीत' असेच लिहिले. मग बसून ठरवले की असे चालणार नाही. जागा नेमकी लिहायची, कोणाला काय होऊ शकते ते लिहायचे. 'फाटकापासून उत्तरेस चाळीस पावलांवर, डाव्या कडेला डांबर वीतभर तुटले आहे. समोरून मोठे वाहन आल्यास दुचाकीचे चाक उतरून चालक रस्त्यात पडू शकतो.' असे लिहिले की वाचणाऱ्याला ते डोळ्यांपुढे दिसते. ही ओळ लिहिताना पोस्टाच्या दोघांपैकी एकाचा हात थांबला. गेलेला डाक सेवक त्याच्याच ऑफिसचा.

एकूण सतरा बाबी निघाल्या. 'थांबा'ची पाटी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकामागे. गतिरोधकाचे पट्टे पुसलेले, त्यामुळे रात्री गाडी उडते आणि मग कळते. फाटक उघडले की दोन्ही बाजूंची वाहने दोन्ही पदर व्यापून समोरासमोर उभी. आणि ते काटकोनी वळण. सतरांपैकी अकरा गोष्टी रंग, कोयता, चार चमकणारे खुंट आणि दोन दिवे एवढ्यात होण्यासारख्या होत्या. त्या आम्ही आधी लिहिल्या, वळणाचे शेवटी लिहिले. मोठी मागणी वर लिहिली की फाईल मोठी होते आणि लहान कामेही त्याखाली दडपली जातात, हे चळवळीत शिकलेले आहे.

एक खबरदारी. अशी वही प्रशासनाच्या हाती गेली की 'तुमच्याच गेटमनने आधी का कळवले नाही' असा उलटा प्रश्न येऊ शकतो. म्हणून पाहणी व्यक्तीच्या नावाने न पाठवता शाखेच्या ठरावाने पाठवावी. गेटमनच्या रजिस्टरमध्ये पूर्वी केलेल्या नोंदी असतील तर त्यांच्या तारखा जोडाव्यात. आमच्या गेटमनने त्या वळणाविषयी दोनदा लिहिलेले निघाले. एसएफ-११ च्या अपिलात तेच कामी आले.

पत्रे कोणाकडे? रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडे, रस्ता ज्याचा त्याच्याकडे, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे. अशा समित्या नीट चालाव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात निर्देश दिलेले आहेत. रस्त्याचे पूर्वी ऑडिट झाले असेल तर त्याची प्रत आणि खात्याने दिलेली मुद्देवार उत्तरे माहिती अधिकारात मागावीत. केंद्राच्या खात्याकडे अर्ज असेल तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर पुरते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. ते बरे की वाईट यावर पोस्टाचे बंधू स्वतंत्र लिहितीलच, पण पोच मिळाल्याचा पुरावा तेवढा जपून ठेवा.

आमच्या पत्रांना दोन उत्तरे आली. रस्त्याच्या खात्याने कळवले की सदर बाब रेल्वे हद्दीलगतची असल्याने रेल्वेकडे संपर्क साधावा. रेल्वेने कळवले की सदर बाब रेल्वे हद्दीबाहेरची असल्याने संबंधित रस्ते प्राधिकरणाकडे संपर्क साधावा. दोन्ही पत्रे एकाच आठवड्यातली. आम्ही ती एकाखाली एक टाचून, एका पाकिटात घालून जिल्हा समितीकडे पाठवली आणि रेल्वे, रस्ते खाते व संघटना यांनी एकाच दिवशी, एकत्र, जागेवर यावे अशी मागणी केली. त्या भेटीची तारीख अजून कळलेली नाही. फलक निघाला, गतिरोधकाला रंग लागला, एक दिवा पेटला. कड तशीच आहे. गँगची मुले ड्युटी संपल्यावर तिला चुना मारून येतात. पावसाने तो धुऊन जातो, मग पुन्हा मारतात.